नाव एकाचं, आकडा दुसऱ्याचा

‘लेंग्थ ऑफ डिमनेम्स [२] नॉट इक्वल टू ॲरे एक्स्टेंट.’ आर या संख्याशास्त्रीय भाषेत काम करणाऱ्याला हा लाल अक्षरांतला मजकूर आज ना उद्या भेटतोच. ॲरेच्या दुसऱ्या मितीला, म्हणजे बहुधा रकान्यांना, तुम्ही दिलेली नावं आणि प्रत्यक्षातले रकाने यांची संख्या जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक जण मग नावांची यादी एकाने कमी करतात, किंवा नावं देणारी ओळच कोडमधून उडवतात. लाल मजकूर जातो, काम पुढे सरकतं. मूळ घोळ मात्र जागच्या जागी राहतो आणि वर दिसेनासा होतो. आरमध्ये, पायथनमध्ये आणि बेझियन प्रतिमानांच्या भाषांमध्ये मितींच्या नावांच्या या चुका कशा होतात, कुठे पकडल्या जातात आणि कुठे बिनबोभाट निसटतात, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या चुकीवर यंत्र थांबतं, ती स्वस्तात सुटली असं समजावं. महागात पडते ती न थांबणारी.

आर नेमकं काय तपासतं

आरच्या लेखी ॲरे म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब रांग. त्या रांगेला ‘डिम’ नावाची एक चिठ्ठी डकवलेली असते: हिचे २ गुणिले २ गुणिले ६ असे कप्पे पाडा. ‘डिमनेम्स’ ही दुसरी चिठ्ठी. ती एक यादी असते. जितक्या मिती तितके तिचे घटक, आणि प्रत्येक घटकात त्या मितीतल्या कप्प्यांची नावं. शिवाय या घटकांना स्वतःचीही नावं देता येतात. म्हणजे ‘लिंग’ हे मितीचं नाव आणि ‘स्त्री’, ‘पुरुष’ ही त्या मितीतल्या कप्प्यांची. नवख्यांच्या निम्म्या अडचणी या दोन पातळ्यांची सरमिसळ झाल्याने उभ्या राहतात.

रांगेतले आकडे कप्प्यांत भरताना पहिली मिती सगळ्यात वेगाने फिरते: आधी पहिला रकाना वरपासून खालपर्यंत भरतो, मग दुसरा. ही फोर्ट्रानची रीत. जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ पासून घडवलेली एस ही भाषा फोर्ट्रानच्या कार्यसंचावर उभी होती, आणि रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ऑकलंडला आर लिहिली ती एसचा वारसा घेऊनच. सी भाषेत आणि पायथनच्या नमपायमध्ये रिवाज उलटा आहे, तिथे एकेक ओळ भरत जाते. हा फरक पुढे पुन्हा आडवा येणार आहे.

आता एररचे मजकूर. वर दिलेल्या मजकुरात चौकटी कंसातला २ हा मितीचा क्रमांक आहे, नावांची संख्या नव्हे. पण त्याच घराण्यातला दुसरा मजकूर बघा: ‘लेंग्थ ऑफ डिमनेम्स [३] मस्ट मॅच दॅट ऑफ डिम्स [२]’. इथे कंसातले आकडे संख्या आहेत: तुम्ही तीन मितींची नावं दिलीत, ॲरेला मिती दोनच आहेत. एकाच खिडकीत दोन प्रकारचे कंस, आणि फरक सांगणारं काही नाही. पहिला मजकूर दुसऱ्यासारखा वाचून ‘दोनच नावं कशी काय पोचली?’ म्हणून भलतीकडे शोधत बसणारे कितीतरी दिसतात.

या दुसऱ्या तपासणीत एक फटही आहे. यादी मितींपेक्षा लांब असेल तर आर अडवतं. आखूड असेल तर उरलेल्या मिती बिननावाच्या ठेवून मुकाट्याने पुढे जातं. तीन मितींच्या ॲरेला दोनच मितींची नावं दिली तर कुणी काही बोलत नाही. दहा ओळींनंतर तिसऱ्या मितीतला कप्पा नावाने मागितला की ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स’ येतं, आणि माणूस त्या दहाव्या ओळीतच चूक शोधत राहतो.

‘डिमनेम्स अप्लाइड टू नॉन-ॲरे’ या तक्रारीचं कारण मात्र बहुतेक वेळा एकच असतं: तुम्ही ज्याला ॲरे समजताय तो आता ॲरे उरलेला नाही. मॅट्रिक्समधून एकच ओळ किंवा एकच रकाना निवडला की आर आपणहून मिती टाकून देतं आणि हातात साधी रांग येते. आठ प्रश्नांच्या सर्वेक्षणाची उत्तरं गावागावांनुसार वेगळी काढणारा कोड महिनाभर बिनतक्रार चालतो. मग एका गावातून एकच उत्तरपत्रिका येते आणि त्या गावापाशी सगळं अडतं. रकान्यांना नावं द्यायला गेलं की ‘कॉलनेम्स’ला दोनपेक्षा कमी मिती चालत नाहीत असं उत्तर मिळतं; ‘ॲप्लाय’ चालवलं तर तो ‘डिम’ची लांबी शून्यापेक्षा जास्त हवी म्हणून अडून बसतो. निवडताना ‘ड्रॉप’ला ‘फॉल्स’ सांगितलं की हे थांबतं. आरमधल्या ज्या मूळ निर्णयांबद्दल जुनेजाणतेही हळहळतात त्यांत हा ‘ड्रॉप’ बराच वरचा असावा. समोर बसून एकेक ओळ चालवणाऱ्याला तो सोयीचा आहे, पण कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या पायात तो नेमका अडचणीच्या दिवशी येतो.

‘एस-ॲप्लाय’चं वागणंही याच जातीचं. प्रत्येक गटातून समान लांबीचं उत्तर आलं तर तो मॅट्रिक्स देतो, लांबी वेगवेगळी आली तर यादी, आणि एकेकच आकडा आला तर साधी रांग. त्याच्या पुढच्याच ओळीत ‘डिमनेम्स’ असेल तर ती ओळ डेटाच्या मर्जीवर चालते. ‘व्ही-ॲप्लाय’ वापरून अपेक्षित आकार आधीच बांधून घेतला तर एरर मुळापाशी येतो, चार ओळी खाली नाही.

पालघरचं काय करायचं?

नावं जास्त आणि ओळी कमी, या सगळ्यात साध्या चुकीचं उदाहरण आपल्याकडे तयारच आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ते ३६ झाले. कुणी जनगणनेच्या तक्त्यातले आकडे मॅट्रिक्समध्ये घेतले आणि जिल्ह्यांची नावं पालघरनंतरच्या, पण २०२३च्या नामांतरांआधीच्या यादीतून आणून डकवली, तर पहिल्याच मितीवर एरर येणार. यावर सुचणारा झटपट उपाय म्हणजे यादीतली पहिली ३५ नावं घ्यायची.

हा उपाय काय करतो ते बारकाईने बघण्यासारखं आहे. रोमन अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत उस्मानाबादनंतर, चोविसाव्या जागी पालघर येतो. ३५ नावं घेतली की पालघर जागेवर राहतो आणि कापला जातो तो शेवटचा यवतमाळ. पहिले २३ जिल्हे बरोबर. तिथून पुढे परभणीचा आकडा पालघरच्या नावावर, पुण्याचा परभणीच्या, रायगडचा पुण्याच्या, असं एकेक घर सरकत यवतमाळचा आकडा वाशिमच्या नावावर जातो. बारा जिल्ह्यांचे आकडे चुकीच्या नावांखाली गेले आणि एरर एकही नाही. परभणीची लोकसंख्या ९४ लाख आणि पुण्याची २६ लाख दिसली तर कुणीही थबकेल. ठाण्याचे एक कोटी दहा लाख सोलापूरच्या नावावर दिसले तरी थबकेल. पण साताऱ्याचे ३० लाख सांगलीच्या नावावर गेले, तर? सांगलीची खरी संख्या २८ लाख आहे. नजर तिथून सहज पुढे सरकते. आणि तक्त्यात लोकसंख्येऐवजी लसीकरणाची टक्केवारी असती तर बाराच्या बारा ओळी खपून गेल्या असत्या.

थोडक्यात, यादी कापण्याआधी दोन याद्यांतला फरक काढायचा. ‘सेट-डिफ’ ही एका ओळीची आज्ञा पालघरचं नाव लगेच समोर ठेवते, आणि मग खरा प्रश्न उभा राहतो: नव्या पालघरचे तालुके जुन्या ठाण्यात मिळवायचे, की २०११च्या ठाण्याचे तालुकावार आकडे घेऊन त्याचे दोन भाग करायचे? तो प्रश्न प्रोग्रामिंगचा नाहीच, अभ्यासाचा आहे.

बरोबर लांबी, चूक अर्थ

आर मोजतं ती फक्त लांबी. नाव त्या कप्प्याला शोभतं का, हे त्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून दोन मिती समान लांबीच्या असल्या की तपासणी निकामी होते.

आरबरोबर येणाऱ्या नमुना तक्त्यांत ‘यूसीबी-ॲडमिशन्स’ नावाचा एक आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सहा मोठ्या विभागांत १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेले ४,५२६ अर्ज, २ गुणिले २ गुणिले ६ अशा ॲरेत. पहिली मिती प्रवेश मिळाला की नाकारला, दुसरी लिंग, तिसरी विभाग. बिकेल, हॅमल आणि ओ’कॉनेल यांनी बर्कलीच्या त्या वर्षीच्या प्रवेशांवर १९७५ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलेला लेख सिम्प्सनच्या विरोधाभासाचं उदाहरण म्हणून आजही शिकवला जातो. या तक्त्यात एकूण बघितलं तर ४४.५ टक्के पुरुषांना आणि ३०.४ टक्के स्त्रियांना प्रवेश मिळाला. पण ‘ए’ विभागात ६२ टक्के पुरुषांसमोर ८२ टक्के स्त्रिया.

आता हेच २४ आकडे कुणी साध्या रांगेतून उचलले आणि स्वतः ॲरे बांधताना पहिली मिती लिंग, दुसरी प्रवेश अशी नावं दिली असं धरू. दोन्ही मितींची लांबी दोनच. एरर शक्यच नाही. काय होतं? नाकारलेले १,४९३ पुरुष ‘प्रवेश मिळालेल्या स्त्रिया’ होतात आणि प्रवेश मिळालेल्या ५५७ स्त्रिया ‘नाकारलेले पुरुष’. टक्केवारी काढली तर पुरुष ६८.३, स्त्रिया ५३.९. स्त्रिया मागेच, अंतरही साधारण तेवढंच. ज्याला ‘स्त्रियांना प्रवेश कमी मिळाला’ एवढंच आधीपासून ठाऊक आहे, त्याला हा निकाल ओळखीचा वाटेल. फक्त सहा विभागांत मिळून प्रवेशाचं प्रमाण खऱ्या ३९ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर गेलेलं आहे, आणि ते कुणी पडताळत नाही. विभागाची मिती चुकून पहिली घातली असती तर सहाला दोन जुळले नसते आणि आरने तिथल्या तिथे हाक मारली असती.

म्हणून चौरस मॅट्रिक्स दिसला की सावध व्हावं. कुठल्या जिल्ह्यातून कुठल्या जिल्ह्यात स्थलांतर, कुठल्या उद्योगाचा माल कुठल्या उद्योगात, या वर्षीच्या स्थितीतून पुढच्या वर्षीच्या स्थितीत संक्रमण: या सगळ्यांत ओळी आणि रकान्यांची नावं हुबेहूब तीच असतात. तिथे ‘ॲप्लाय’ घात करतो. ओळीओळीने चालवलेलं फंक्शन प्रत्येक वेळी एकाहून जास्त आकडे देत असेल, तर ‘ॲप्लाय’ ते रकान्यांत मांडतो. म्हणजे उत्तर आडवं-उभं फिरून येतं. पस्तीस गुणिले चारच्या तक्त्यात हे ‘डिमनेम्स’ लगेच पकडतात. पस्तीस गुणिले पस्तीसमध्ये आलेल्यांचे गेलेले होतात.

बेरजेत नावं मोजली जात नाहीत

इथे आरची माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव येते. नावाने कप्पा मागितला तर आर नाव काटेकोर पाळतं. पण दोन मॅट्रिक्सची बेरीज करताना ते नावांकडे बघतच नाही. एकात ओळी पुणे, नाशिक, नागपूर अशा आणि दुसऱ्यात नागपूर, नाशिक, पुणे अशा असल्या, तरी पहिली ओळ पहिलीत मिळवली जाते आणि उत्तरावर पहिल्या मॅट्रिक्सची नावं चढतात. पुण्यात नागपूर मिळालं, आणि वर शिक्का पुण्याचा. गुणाकारातही तसंच: ओळींची नावं पहिल्याकडून, रकान्यांची दुसऱ्याकडून, आणि मधली जी मिती जुळायला हवी तिच्या नावांची चौकशी नाही.

सरासरी वजा करण्यासारख्या साध्या कामातही हे नडतं. मॅट्रिक्समधून रकान्यांच्या सरासऱ्या थेट वजा केल्या तर आर त्या सरासऱ्या वरून खाली फिरवत लावतं, कारण त्याची भरण्याची रीत तशी. रकान्याची सरासरी ओळीतून वजा होते. लांबी नीट भागली गेली तर इशाराही नाही. नमपायमध्ये तोच हिशोब बरोबर उतरतो, कारण तिथे शेवटची मिती आधी जुळवली जाते. दोन्ही भाषा येणाऱ्याच्या बाबतीत ही सवय उलटी पडण्याची शक्यता जास्त. आरमध्ये त्यासाठी ‘स्वीप’ आहे. तोही लांबीच तपासतो, नावं नाही.

आणि ‘डिम’ बदलला की ‘डिमनेम्स’ पुसले जातात हेही लक्षात ठेवलेलं बरं. आकार बदलून पुन्हा जुनीच नावं चढवणारा कोड अनेकांच्या संग्रहात असतो, आणि आकार बदलल्यावर क्रम तोच राहिला का, हे त्यात क्वचितच तपासलेलं असतं. ‘टेबल’ या फंक्शनचं आणखी निराळं: त्याच्या उत्तरातला क्रम फॅक्टरच्या पातळ्यांचा, म्हणजे मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल तर वर्णक्रमाचा असतो, डेटात नावं ज्या क्रमाने आली त्याचा नव्हे. वर्णक्रमही संगणकाच्या भाषा-मांडणीवर अवलंबून. तुमच्या लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसरा निघू शकतो.

नावातच खोट असली तर

नावं मुळातच बिघडलेली असतात तेव्हा ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स’ येतं. कारणं तीच ती: शब्दाशेवटी राहिलेली मोकळी जागा, ‘२०१९’ हा रकाना सीएसव्हीमधून येताना पुढे ‘एक्स’ लावून घेतो, शब्दांमधल्या जागेचा टिंब होतो. वर्षांची नावं असली की आणखी एक गंमत. ‘डिमनेम्स’ नेहमी अक्षरांच्या रूपात साठतात. अवतरणात २०१९ म्हटलं तर त्या नावाची ओळ, अवतरणाशिवाय म्हटलं तर दोन हजार एकोणिसावी ओळ. ती नसते, म्हणून एरर येतो हे नशीबच. ओळींची नावं १ ते ५० असतील आणि मधल्या काही गाळल्या असतील, तर ‘३’ या नावाची ओळ आणि तिसरी ओळ वेगळ्या असतात, आणि दोन्ही मिळतात. फॅक्टरने ओळी मागितल्या तर आर त्याचं नाव न वाचता आतला क्रमांक वापरतं; इथेही एरर नाही. डेटा फ्रेममध्ये तर ओळीचं अर्धवट नावही चालवून घेतलं जातं.

मराठी नावांनी काम करणाऱ्यांना एक जादा डोकेदुखी आहे. ‘कऱ्हाड’ घ्या, किंवा ‘वऱ्हाड’. यातला ऱ्ह काही कळफलकांवर स्वतंत्र ऱ या अक्षराने उमटतो, काहींवर साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ऱ आणि ‘र अधिक नुक्ता’ ही जोडी एक होते, पण अदृश्य जोडचिन्हाची रीत तशीच वेगळी राहते, ती हाताने बदलून घ्यावी लागते. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ हा प्रश्न त्यानंतरचा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये झालं. जुने-नवे तक्ते जोडणाऱ्या प्रत्येकाकडे आता नावांच्या जोड्यांचा एक छोटा तक्ता असायलाच हवा. खरं तर जनगणनेचे जिल्हा-संकेतांक ओळींची नावं म्हणून वापरावेत आणि माणसांसाठीची नावं शेवटी, छापताना लावावीत.

जनुकशास्त्रात नावं बिघडण्याचा प्रकार इतका फैलावला की शेवटी जनुकांचीच नावं बदलावी लागली. ‘मार्च१’ आणि ‘मार्क१’ ही दोन वेगळी जनुकं. एक्सेलमध्ये टाकली की दोन्हींची १ मार्च ही तारीख होते. मग आरमध्ये ओळींची नावं दुहेरी असल्याचा एरर येतो, आणि तोही डेटा फ्रेम असेल तरच. मॅट्रिक्सला दुहेरी नावं चालतात आणि मागितल्यावर पहिली सापडेल ती ओळ मिळते. झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’त दाखवलं की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशी बिघडलेली नावं आहेत. २०२० मध्ये नामकरण समितीने ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ करून टाकलं.

याहून गंभीर प्रकरण ड्यूक विद्यापीठातलं. कर्करोगाच्या कोणत्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल हे जनुकांवरून सांगू शकतो, असा दावा तिथल्या गटाने २००६ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये केला. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातले कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी तेच आकडे घेऊन तो पडताळायला घेतला. त्यांना आढळलं की जनुकांच्या छापलेल्या याद्या खऱ्या याद्यांपासून एकेका ओळीने सरकलेल्या आहेत, आणि काही ठिकाणी औषधाला ‘दाद देणाऱ्या’ व ‘दाद न देणाऱ्या’ नमुन्यांची लेबलं उलटी आहेत. २००९ मध्ये त्यांनी हे ‘ॲनल्स ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स’मध्ये मांडलं. तोवर या पद्धतीवर बेतलेल्या चाचण्यांत रुग्ण दाखल झालेले होते. २०११ मध्ये मूळ निबंध मागे घेतला गेला, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने गटातल्या एका संशोधकावर गैरवर्तनाचा ठपका ठेवला. गैरवर्तन हा निराळा विषय. पण एका ओळीचं ते सरकणं आणि पालघरच्या जागी होणारं सरकणं यांची जात एकच.

असं सरकणं रोखणारी साधनं जनुकशास्त्रात आहेत. बायोकंडक्टरच्या ‘समराइज्ड एक्सपेरिमेंट’ या रचनेत आकड्यांचा मॅट्रिक्स आणि नमुन्यांची माहिती एकत्रच बांधलेली असते. एकातून नमुना गाळला की दुसऱ्यातूनही गळतो, आणि नावं जुळत नसतील तर ती वस्तू बनतच नाही.

इतरांनी काय केलं

पायथनच्या पांडाज ग्रंथालयाने मूळ धोरणच उलटं घेतलं. दोन तक्ते मिळवताना ते आधी नावं जुळवतं. क्रम काहीही असो, पुणे पुण्यातच मिळतं. एका बाजूला नसलेलं नाव उत्तरात रिकामं राहतं. पालघर एकाच तक्त्यात असेल तर त्याच्यासमोर रिकामी जागा दिसेल, आणि दिसेल हे महत्त्वाचं. किंमत अशी की नावात एक मोकळी जागा जादा असली तरी एकाच्या दोन ओळी होतात आणि दोन्ही रिकाम्या.

दोनाहून जास्त मितींसाठी स्टीफन होयर यांचं एक्सॲरे आहे. तिथे मितींनाच नावं असल्याने ‘तिसरी मिती’ म्हणायची वेळ येत नाही, ‘वेळ’ म्हणायचं. बर्कलीच्या तक्त्यासारखी अदलाबदल इथेही होऊ शकते, पण एकदाच, आकडे आत घेताना. त्याच्या दोन खोडी ठाऊक असाव्यात. बेरजेत दोन्हीकडे असलेलीच नावं ठेवायची आणि बाकीची गुपचूप गाळायची, ही त्याची मुळातली सवय. अंकगणितासाठीचा ‘जॉइन’ ‘एक्झॅक्ट’वर ठेवला तर ते न जुळणाऱ्या नावांवर अडतं, आणि तसंच ठेवावं असं मी म्हणेन. दुसरी खोड जास्त धोक्याची: एका तक्त्यात मितीचं नाव ‘लॅट’ आणि दुसऱ्यात ‘लॅटिट्यूड’ असलं, तर एक्सॲरे त्यांना दोन स्वतंत्र मिती धरतं आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी बेरीज मांडतं. एरर येतो तो मेमरी संपल्याचा.

यंत्रशिक्षणाच्या पायटॉर्च ग्रंथालयाने अलेक्झांडर रश यांनी बिननावाच्या मितींवर केलेल्या टीकेनंतर, २०१९च्या १.३ आवृत्तीत नाव असलेले टेन्सर आणले, पण ते प्रायोगिक अवस्थेपलीकडे फारसे गेले नाहीत. बेझियन भाषांत बग्ज आणि स्टॅनला नावं नाहीतच, क्रमांक आहेत. उत्तरात ‘थीटा [२४]’ दिसतं आणि तो कोणता जिल्हा हे तुम्ही लक्षात ठेवायचं. विनबग्ज तर ॲरे ओळीओळीने वाचत असे आणि आरमधून आकडे जात रकान्यारकान्याने, त्यामुळे आडवं-उभं फिरवून पाठवणं हा त्या काळचा रोजचा उपचार होता. पायएमसीने मितींना नावं आणि कप्प्यांना खुणा देण्याची सोय करून हा ताप बराच कमी केला.

मोठ्या जाळीच्या आकड्यांत

मग ॲरेच कशाला, सगळं लांब तक्त्यात ठेवा, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ आणि जिल्हा, वर्ष, लिंग हे साधे रकाने, असा सल्ला हॅडली विकम यांच्या २०१४च्या ‘टायडी डेटा’ या निबंधापासून सर्रास दिला जातो. जिल्ह्यांच्या तक्त्यांसाठी तो मला पटतो. तिथे नाव हे आकड्याच्या शेजारीच बसतं आणि क्रम बदलला तरी सुटत नाही. हवामानात तो चालत नाही. भारतीय हवामान खात्याचं पुण्याहून निघणारं पाव अंशाच्या जाळीवरचं रोजच्या पावसाचं मापन घ्या: रेखांशांवर १३५ बिंदू, अक्षांशांवर १२९, म्हणजे दिवसाला १७,४१५ कप्पे. लांब तक्ता केला तर एका वर्षाच्या ओळी ६३ लाखांवर जातात, आणि ही मालिका १९०१ पासूनची आहे.

या आकड्यांची बायनरी फाइल नावांशिवाय येते. तिच्यात रेखांश सगळ्यात वेगाने फिरतो: ६.५ उत्तर, ६६.५ पूर्व, मग ६.५ उत्तर, ६६.७५ पूर्व, असं पुढे. आरमध्ये ते १३५, १२९, ३६५ असं मांडायला हवं. १२९, १३५, ३६५ असं मांडलं तरी गुणाकार तोच, त्यामुळे ‘डिम’ काहीच कुरकुरत नाही, आणि नकाशावर तिरप्या पट्ट्यांचा पाऊस उमटतो. पण मांडल्या मांडल्या पुढच्याच ओळीत ‘डिमनेम्स’ दिले, पहिल्या मितीला ६६.५ ते १०० हे रेखांश आणि दुसरीला ६.५ ते ३८.५ हे अक्षांश, तर १३५ नावं १२९ कप्प्यांवर बसत नाहीत आणि पहिल्या मितीचा एरर हजर होतो. त्या एररमध्ये कंसात १ असेल. नावांची यादी कापायची नाही, ‘डिम’मधले पहिले दोन आकडे बदलायचे.

नेटसीडीएफ स्वरूपात तीच माहिती घेतली तर मितींची नावं आणि अक्षांश-रेखांश फाइलमध्येच असतात आणि हा प्रश्न निघत नाही. बायनरी वापरणाऱ्यांनी मात्र ॲरे बांधणं आणि नावं देणं ही दोन कामं एकाच फंक्शनमध्ये ठेवावीत, नावं हाताने न टंकता अंतर आणि सुरुवात यांवरून काढावीत, आणि दोन ॲरे एकमेकांत मिळवण्याआधी त्यांचे ‘डिमनेम्स’ ‘आयडेंटिकल’ आहेत का हे ‘स्टॉप-इफ-नॉट’मध्ये घालून विचारावं. आरच्या बेरजेत ही तपासणी आपोआप येईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांचा जुना कोड त्या मोकळिकीवर उभा आहे.